मुंबई हायच्या दारात जुनीच कंपनी

जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने, म्हणजे आपल्या सार्वजनिक मालकीच्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने, मुंबई हाय या तेलक्षेत्रासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची 'तांत्रिक सेवा पुरवठादार' म्हणून दहा वर्षांकरिता निवड केली. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातील हिस्सा, असा हा करार आहे. उत्पादन 60 टक्क्यांपर्यंत वाढेल असे आश्वासन कंपनीने दिले आहे. भांडवली वृत्तपत्रांनी या बातमीचे स्वागत अशा थाटात केले की, जणू अंथरुणाला खिळलेल्या सरकारी रुग्णाला अखेर विलायती धन्वंतरी भेटला! या धन्वंतऱ्याचा पूर्वेतिहास मात्र कोणी विचारला नाही. तो विचारणे आपल्याला भाग आहे, कारण हा इतिहास आपल्या देशाच्या, आपल्या मुंबईच्या आणि आपल्या कामगारवर्गाच्या इतिहासापासून वेगळा काढताच येत नाही.

गेली तीस-पस्तीस वर्षे आपल्याला एक मंत्र ऐकवला जात आहे: धंदा करणे हे सरकारचे काम नव्हे, खाजगी कंपनी स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या जोखमीवर आणि स्वतःच्या अकलेवर वाढते. या मंत्राला खोटे पाडण्यासाठी बीपीइतका उत्तम साक्षीदार दुसरा मिळणार नाही. 1914 ते 1987 या काळात ब्रिटिश सरकार स्वतः या कंपनीचे बडे भागधारक होते, आणि त्यातील बहुतेक काळ निम्म्याहून अधिक भाग त्याच्याच हाती होते. कंपनीवर जेव्हा जेव्हा संकट आले, तेव्हा तेव्हा आरमार, फौज, खजिना, गुप्तहेर खाते यांपैकी कोणी ना कोणी तिच्या मदतीला धावून गेले.

1901 साली विल्यम नॉक्स डार्सी या धनिकाने इराणच्या शहाकडून 60 वर्षांसाठी देशाच्या बहुतेक भागातील, म्हणजे सुमारे 4 लाख 80 हजार चौरस मैल प्रदेशातील, तेलाचा हक्क मिळवला. मोबदला काय? वीस हजार पौंड रोख, तितक्याच किमतीचे भाग आणि निव्वळ नफ्याचे 16 टक्के. इंग्रजीत या व्यवहाराला 'कन्सेशन' म्हणतात, आणि आपली वृत्तपत्रे त्याचे भाषांतर 'सवलत' असे करतात. रोज परकीय भाषेतील मजकूर मराठीत आणण्याचे काम करणाऱ्याला हा शब्द खटकल्याशिवाय राहत नाही. सवलत बलवानाने दुर्बळाला द्यायची असते. येथे दिवाळखोर राजाने आपल्या रयतेची भूमी सावकाराच्या घशात घातली. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे: मक्ता. 'मक्तेदारी' हा शब्द त्यातूनच आलेला आहे. आणि नफ्याचे 16 टक्के म्हणजे कोणी मोजलेल्या नफ्याचे? हिशेबाच्या वह्या कंपनीच्या ताब्यात राहिल्या. त्या तपासू द्या, ही इराणची तक्रार पुढची पन्नास वर्षे चालू होती.

डार्सीचा पैसा संपत आला तेव्हा 1905 मध्ये बर्मा ऑईल कंपनी पुढे आली. ब्रह्मदेशातील तेलावर गबर झालेली ही स्कॉटिश कंपनी वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे माहुलच्या खाडीकाठी पुन्हा भेटणार आहे. 1908 मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले, 1909 मध्ये अँग्लो-पर्शियन ऑईल कंपनी स्थापन झाली आणि अबादान बेटावर शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. तरीही कंपनी डबघाईलाच होती. 1914 च्या उन्हाळ्यात आरमारमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पार्लमेंटकडून 22 लाख पौंड मंजूर करून घेतले, कंपनीचे बहुसंख्य भाग सरकारच्या नावे केले आणि आरमारासाठी वीस वर्षांच्या तेलपुरवठ्याचा करार केला. गिऱ्हाईक सरकार, भांडवल सरकारचे, संरक्षण सरकारचे. फक्त नफ्याचे नाव खाजगी!

आणि संरक्षण करायला कोण गेले? ऑक्टोबर 1914 मध्ये मुंबई बंदरातून एक भारतीय ब्रिगेड इराणच्या आखाताकडे निघाली. अबादानचा कारखाना आणि तेलनळ सुरक्षित राखणे हे तिला सोपवलेल्या प्रमुख कामांपैकी एक होते. ती सहाव्या पुणे डिव्हिजनची ब्रिगेड होती आणि तिच्यात 117 वी मराठा पलटण होती. 6 नोव्हेंबरला फाव येथे फौज उतरली, त्याच महिन्यात बसरा पडले. मग लालसा वाढली आणि फौज बगदादच्या दिशेने ढकलण्यात आली. तिचा शेवट कुतच्या वेढ्यात झाला. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार उपाशी माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांत मराठा पलटणी होत्या आणि बहुसंख्य लोक हिंदी होते. वाळवंटातील पायपिटीत आणि तुर्की कैदेत त्यांतील हजारो मेले. सातारा-रत्नागिरीच्या ज्या घरांतून हे जवान गेले, त्या घरांना अँग्लो-पर्शियन हे नावही ठाऊक नसेल. कंपनीच्या ताळेबंदात मात्र हा खर्च कोठेही दिसत नाही. तो हिंदुस्थानच्या खात्यावर पडला.

फौजेमागोमाग मजूर गेले. फिटर, सुतार, कारकून, ड्रायव्हर असे हिंदी कामगार कंपनी मुंबई-कराचीतून करारावर भरती करी. अबादानमध्ये गोऱ्या साहेबांचे बंगले आणि बागा एकीकडे, हिंदी लोकांच्या चाळी दुसरीकडे, आणि सर्वांच्या खाली खुद्द इराणी मजूर अशी उतरंड होती. या मजुरांच्या एका झोपडवस्तीचे नावच कागजाबाद होते. मायदेशात परके झालेला इराणी आणि परदेशात अडकलेला हिंदी यांना एकमेकांविरुद्ध वापरण्याची युक्ती कंपनीला पुरेपूर अवगत होती. पण 1920 मध्ये हिंदी कामगारांनीच संप पुकारला आणि इराणी कामगार त्यांना येऊन मिळाले. पगार वाढवावे लागले. 1922 मध्ये पुन्हा संप झाला, तेव्हा कंपनीने संपकरी हिंदी कामगारांना सरळ जहाजात भरून परत पाठवले. 1929 मध्ये इराणी कामगारांच्या संपावर फौज घालण्यात आली. जुलै 1946 मध्ये साप्ताहिक सुट्टीच्या पगारासह अनेक मागण्यांसाठी खुजिस्तानात हजारो कामगारांचा सार्वत्रिक संप झाला, त्यातील चकमकींत चाळीसहून अधिक माणसे मेली, आणि ब्रिटिश सरकारने पुन्हा एकदा हिंदी फौज बसऱ्यास रवाना केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत नाविकांचे बंड झाले होते, त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरला होता. आणि ऑगस्टमध्ये, दिल्लीत अंतरिम सरकार बसण्याच्या उंबरठ्यावर, हिंदी जवान एका तेलकंपनीच्या रखवालीसाठी जहाजात चढत होते!

येथे आपल्याच काही साथींच्या एका समजुतीला हात घालणे आवश्यक आहे. सरकारी मालकी म्हणजे आपोआप जनतेची मालकी, असे आपल्याकडे अजूनही अनेकदा गृहीत धरले जाते. अँग्लो-पर्शियनमध्ये सरकारची बहुसंख्य मालकी होती. त्यामुळे अबादानच्या कामगाराला काय लाभले? संप मोडायला सरकारी फौज आली, एवढेच. प्रश्न मालकीच्या कागदाचा तर आहेच, पण त्याहून अधिक त्या राज्यसंस्थेच्या वर्गचारित्र्याचा आहे. हा मुद्दा विसरला की सार्वजनिक क्षेत्राचे आपले समर्थन पोकळ होते आणि शत्रूला आयते कोलीत मिळते.

या वर्गचारित्र्याचा पुरावा हवा असेल तर 1951 साल पाहावे. तेव्हा इंग्लंडात चर्चिल नव्हते. ॲटली यांचे मजूर पक्षाचे सरकार होते. या सरकारने 1947 मध्ये कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण केले होते आणि फेब्रुवारी 1951 मध्ये पोलाद उद्योग सरकारी मालकीचा केला होता. पुढच्याच महिन्यात इराणच्या मजलिसने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. राष्ट्रीयीकरण स्वतःच्या घरी समाजवाद, आणि इराणने केले की दरोडा! ज्या कंपनीकडून ब्रिटिश खजिन्यात जाणारा कर इराणला मिळणाऱ्या मोबदल्याहून मोठा होता, तिच्यासाठी 'समाजवादी' मंत्र्यांनी युद्धनौका हलवल्या, इराणच्या तेलावर जागतिक बहिष्कार लादला आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. जुलै 1952 मध्ये, हा विषय आपल्या अधिकारकक्षेत येत नाही, असे न्यायालयाने सांगितले; विशेष म्हणजे त्या बहुमतात ब्रिटिश न्यायाधीशही होते. तोवर लंडनमध्ये चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले होते. कायद्याने जे साधले नाही ते कटाने साधण्यात आले. 19 ऑगस्ट 1953 रोजी ब्रिटिश आणि अमेरिकन गुप्तहेर खात्यांनी पंतप्रधान मोहम्मद मोसाद्देक यांचे निवडून आलेले सरकार उलथवले. अमेरिकेच्या सीआयएला आपला हात कागदोपत्री मान्य करायला 2013 साल उजाडावे लागले.

इराणच्या तुदेह पक्षाने आरंभी मोसाद्देक यांच्या आघाडीला अमेरिकेच्या पाठिंब्यावर चालणारी म्हणून जे ठोकून काढले, त्यात मोलाचा काळ गेला. राष्ट्रीय भांडवलदारवर्गाशी कसे वागावे, या प्रश्नावर आपल्या चळवळीतही पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. तेव्हा इराणच्या साथींना दोष देताना जपून बोलावे. उठावानंतरच्या वर्षांत त्यांच्या शेकडो कार्यकर्त्यांनी तुरुंग भोगला, अनेकांनी गोळ्या झेलल्या, हेही विसरू नये.

1954 मध्ये लुटीची नवी वाटणी झाली. एका संघाकडे इराणचे तेल गेले: जुन्या कंपनीला 40 टक्के, अमेरिकन कंपन्यांना मिळून 40 टक्के, शेलला 14 आणि फ्रेंच कंपनीला 6. कटातील भागीदाराला त्याचा वाटा मिळाला. त्याच वर्षी कंपनीने आपले नाव बदलून ब्रिटिश पेट्रोलियम असे ठेवले. नाव बदलणे ही या कंपनीची जुनी खोड आहे.

आता माहुलकडे वळू. 1928 मध्ये बर्मा ऑईल आणि शेल यांनी हिंदुस्थानच्या बाजारपेठेसाठी बर्मा-शेल ही संयुक्त कंपनी उभी केली. बर्मा ऑईल ही अँग्लो-पर्शियनची जन्मदाती. 1975 पर्यंत बीपीचे भाग मोठ्या प्रमाणावर तिच्याकडे होते. अबादान हातचे गेल्यावर तेलकंपन्यांना, जिथे तेल विकायचे तिथेच कारखाना बांधावा, अशी बुद्धी झाली. 1951 च्या अखेरीस त्यांनी भारत सरकारशी करार केले आणि 1955 मध्ये तुर्भ्याजवळ माहुल येथे बर्मा-शेलचा कारखाना सुरू झाला. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, असे वचन नेहरू सरकारकडून या कंपन्यांनी आधीच घेऊन ठेवले होते! 1960 मध्ये सोव्हिएत संघाने रुपयांत किंमत घेऊन स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स या तिन्ही कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास चक्क नकार दिला. कारखाना भारताच्या भूमीवर, गिऱ्हाईक भारताचे, परकीय चलनाची टंचाई भारताची. पण कोणाचे तेल शुद्ध करायचे हे लंडन आणि न्यूयॉर्क ठरवणार. देशात सार्वजनिक तेल उद्योग का उभा राहिला, याचे उत्तर या एका नकारात आहे. केशवदेव मालवीय यांच्यासारख्या मंत्र्याने सोव्हिएत आणि रुमानियन साहाय्याने शोध, उत्खनन आणि शुद्धीकरण या तिन्ही आघाड्या उघडल्या. खंबायत, अंकलेश्वर, आणि मग फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट'ने खोदलेल्या विहिरीत मुंबई हायचे तेल. 24 जानेवारी 1976 रोजी बर्मा-शेल राष्ट्राच्या मालकीची झाली. तीच आजची भारत पेट्रोलियम.

म्हणजे मुंबई हाय हे, ज्या कंपन्यांनी आपली अडवणूक केली त्यांच्या नाकावर टिच्चून मिळवलेले धन आहे. आज तेथे शुश्रूषेला कोण येत आहे, हे या संदर्भात पाहावे.

मध्यंतरी या शुश्रूषकाचेही खाजगीकरण झाले. 1977 मध्ये नाणेनिधीच्या दडपणाखाली मजूर पक्षाच्याच सरकारने बीपीचे 17 टक्के भाग विकले; थॅचरबाईंनी 1979 पासून ते काम पुढे नेले आणि ऑक्टोबर 1987 मध्ये उरलेला मोठा हिस्सा बाजारात आणला. नेमका त्याच वेळी जगातील शेअर बाजार कोसळला, आणि कोसळलेल्या भावात कुवेत सरकारच्या गुंतवणूक संस्थेने 21.6 टक्के भाग गोळा केले. खुल्या बाजाराच्या पुजाऱ्यांची तेव्हा कशी गाळण उडाली! एका परकीय सरकारने इतके भाग बाळगणे सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे, असे ठरवून कुवेतला तो हिस्सा 9.9 टक्क्यांवर आणायला लावण्यात आले. आपण 'सार्वजनिक हित' म्हटले की आपण जुनाट. लंडनने म्हटले की ते राज्यकर्तृत्व.

खाजगी झाल्यावर कार्यक्षमता कशी बहरली, तेही पाहू. 23 मार्च 2005 रोजी बीपीच्या टेक्सास सिटी येथील शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन 15 कामगार ठार झाले आणि 170 हून अधिक जखमी झाले. हे पंधराही जण कंत्राटदारांकडचे कामगार होते. धोक्याच्या यंत्रणेजवळच उभ्या केलेल्या तात्पुरत्या खोल्यांत व त्यांच्या आसपास ते होते. खर्चकपात आणि देखभालीकडे दुर्लक्ष यांवर अमेरिकेच्या सरकारी चौकशी मंडळाने स्पष्ट बोट ठेवले. पाच वर्षांनी, 20 एप्रिल 2010 रोजी, मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तराफ्यावर बीपीची विहीर उसळली. 11 कामगार मेले, 87 दिवस तेल समुद्रात वाहत राहिले. कंपनीने 2012 मध्ये त्या अकरा मृत्यूंबाबतचे गुन्हे न्यायालयात कबूल केले आणि 2014 मध्ये न्यायाधीशांनी तिचे वर्तन घोर निष्काळजीपणाचे ठरवले. इतके होऊनही वृत्तपत्रांतून 'दुर्दैवी अपघात' हाच शब्द फिरत राहतो. गुन्हेगाराने स्वतः गुन्हा कबूल केल्यावर तरी भाषांतरकारांनी 'अपघात' लिहू नये, एवढी विनंती.

पर्यावरणाबाबत फार लिहीत नाही. 2000 मध्ये बीपीने स्वतःला 'पेट्रोलियमच्या पलीकडची' कंपनी म्हणवून घेतले आणि सूर्यफुलासारखे चिन्ह लावले. 2020 मध्ये दहा वर्षांत तेल-वायूचे उत्पादन 40 टक्के घटवू असे जाहीर केले. 2023 मध्ये ते उद्दिष्ट 25 टक्क्यांवर आणले. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये भागधारकांचे समाधान करण्यासाठी पुन्हा तेल-वायूतील गुंतवणूक वाढवण्याची घोषणा केली. पंचवीस वर्षांत सूर्यफूल पूर्ण वळून विहिरीकडे तोंड करून उभे राहिले.

आपल्या देशात ही कंपनी 2011 मध्ये रिलायन्सच्या हाताला धरून परतली. 7.2 अब्ज डॉलर देऊन तिने रिलायन्सच्या तेल-वायू क्षेत्रांत 30 टक्के हिस्सा घेतला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात शेजारच्या आपल्या क्षेत्रातील वायू रिलायन्सच्या विहिरींतून उपसला गेला, अशी तक्रार घेऊन ओएनजीसी 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कंपन्यांना हा आरोप मान्य नाही, आणि 2018 चा लवादी निवाडा त्यांच्या बाजूनेच लागला होता. परंतु फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द केला आणि मार्चमध्ये सरकारने या कंपन्यांकडे 2.81 अब्ज डॉलरची मागणी केली. म्हणजे एका समुद्रात ज्या कंपनीविरुद्ध वायू गेल्याचा तंटा उभा आहे, दुसऱ्या समुद्रात तिलाच वैद्य म्हणून बोलावणे! याच सुमारास भारत पेट्रोलियमचे काय चालले होते? सप्टेंबर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, संसदेची संमती घेतल्याशिवाय ही कंपनी विकता येणार नाही, असा निकाल दिला. मग 2016 मध्ये 1976 चा राष्ट्रीयीकरणाचा कायदाच, कालबाह्य कायद्यांच्या ढिगात घालून, रद्द करण्यात आला. 2019 मध्ये सरकारने आपला 52.98 टक्के हिस्सा विकायला काढला. मे 2022 मध्ये विक्री थांबली ती सद्बुद्धी झाली म्हणून नव्हे. गिऱ्हाईकच उरले नाही म्हणून. या सर्व व्यवहाराला सरकारी मराठीत 'निर्गुंतवणूक' म्हणतात. विक्रीला विक्री म्हणण्याची लाज वाटली की असे शब्द जन्माला येतात.

यावर कोणी म्हणेल: मुंबई हाय जुने झाले आहे, 1980 च्या दशकानंतर उत्पादन घटत गेले आहे, नवे तंत्र नको काय? हवे. तंत्राला आपला विरोध नाही. सोव्हिएत तंत्र घेतलेच होते. पण तेव्हा तंत्र देणाऱ्याने उत्पन्नात वाटा मागितला नव्हता आणि आपले भूगर्भशास्त्रज्ञ व अभियंते घडवले होते. दुसरे, ओएनजीसीत सर्व आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायच्या कामावर असलेली पी-305 ही बार्ज बुडाली, सत्तरहून अधिक माणसे गेली, आणि टेक्सास सिटीप्रमाणेच येथेही मेलेले कंत्राटी कामगारच होते. सार्वजनिक मालकीच्या क्षेत्रात कंत्राटी गुलामी चालू ठेवणाऱ्या व्यवस्थापनाला बीपीची जरब बसणार नाही. उलट त्याला सोबती मिळेल.

तेव्हा तेल कामगारांच्या संघटनांनी आणि आपल्या संसद सदस्यांनी पुढील गोष्टी लावून धरल्या पाहिजेत. कराराचा संपूर्ण मजकूर संसदेपुढे ठेवला जावा. 'वाढीव उत्पादन' ज्या पायारेषेच्या वर मोजायचे, ती पायारेषा कोणी आणि कोणत्या आकडेवारीवर आखली हे जाहीर व्हावे. कारण ती रेषा खाली ओढली की ओएनजीसीच्याच विहिरीतून, ओएनजीसीच्याच कामगाराने काढलेले तेल बीपीच्या 'वाढीव' खात्यात जमा होईल. मोजमापाच्या नोंदी नियंत्रक व महालेखापरीक्षकांना आणि कामगार प्रतिनिधींना खुल्या असाव्यात. तराफ्यांवरील कंत्राटी कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी करारात नावानिशी कोणावर टाकली आहे, हेही विचारले पाहिजे. मुंबई, उरण आणि हजिरा येथील साथींनी याबाबत कामगारांच्या सभा घेण्याचे काम लगेच हाती घ्यावे.